पगाराच्या मापाचं घर

नाशिकमध्ये भाड्याने घर घ्यायचं ठरवलंत, चांगलं केलंत. आता महिन्याचा पगार घ्या आणि त्याचे तीस टक्के काढा. येईल तो आकडा तुमच्या भाड्याची मर्यादा. त्याच्या वर जायचं नाही, असं मोबाईलवर दिसणारे सगळे अर्थसल्लागार सांगतात. बहुतेक जण ते स्वतःच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून सांगतात.

समजा, अंबडला एमआयडीसीत कामाला आहात आणि सगळं कापून हातात 24 हजार येतात. तीस टक्के म्हणजे 7,200. हा आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. एजंटला एकदम दाखवू नका, तोही बालबच्चेवाला माणूस आहे.

ही तिसाची भानगड आली कुठून, हे माहीत असलेलं बरं, म्हणजे शिव्या नेमक्या पत्त्यावर जातात. अमेरिकेत 1969 साली एडवर्ड ब्रूक नावाच्या सिनेटरने कायद्यात दुरुस्ती करून घेतली, की सरकारी घरात राहणाऱ्या गरिबाकडून उत्पन्नाच्या 25 टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही. 1981 मध्ये त्या पंचविसाचे तीस झाले. त्यात एक बारीक गोष्ट होती: भाडेकरूने आपला वाटा दिल्यावर जे कमी पडेल ते सरकारने घालायचं. आपल्याकडे येताना टक्का तेवढा आला. उरलेले पैसे घालणारं सरकार तिकडेच राहिलं.

असो. आपण आपले 7,200 घेऊन निघू.

सुरुवात कॉलेज रोड, गंगापूर रोडपासून करा. घर मिळणार नाही, पण संध्याकाळी तिकडे फिरायला छान वाटतं आणि फिरण्याचं डिपॉझिट मागत नाहीत. बजेट ऐकून एजंट क्षणभर गप्प बसेल, मग विचारेल, "साहेब, फ्लॅट बघताय की पार्किंग?" चिडू नका. तो तुम्हाला सिडको नावाच्या भागात नेईल. कमी उत्पन्नाच्या माणसाला परवडावीत म्हणून सिडको या सरकारी महामंडळाने तिथे स्कीममागून स्कीम काढून घरं बांधली होती. आता त्या घरांवर दोन-दोन मजले चढलेत आणि सगळ्यात वरची खोली तुमची वाट बघतेय. जिना बाहेरून आहे, लोखंडी आहे. पावसाळ्यात कठडा धरून चढायचं आणि सिलिंडर आणणाऱ्याशी संबंध चांगले ठेवायचे.

तीही 7,200 त बसत नसेल तर नियम पाळण्याचा हमखास मार्ग आहे. शहराच्या कडेकडेने सरकत राहा. म्हसरूळ झालं, आडगाव झालं, आडगावच्याही पुढे गेलात की शेताच्या बांधावर कुठेतरी 7,000 चा बोर्ड सापडेल. तिथून अंबड जाऊन-येऊन तीस किलोमीटर धरा. महिन्याचे 26 दिवस म्हणजे 780 किलोमीटर. गाडी 45 चं ॲव्हरेज देत असेल तर सतरा लिटर पेट्रोल, लिटरला शंभराच्या वर. पावणेदोन हजारांच्या आसपास गेले. पण ते पेट्रोलला गेले, भाड्याला नाही. तीस टक्क्यांना धक्का लागलेला नाही.

हेच तत्त्व पुढे न्या. भाडं 7,000, पण मेंटेनन्स वेगळा. टँकर आला तर त्याची वर्गणी वेगळी. लाईटला सबमीटर, आणि त्याचा युनिटचा दर महावितरण ठरवत नाही, घरमालकीण काकू ठरवतात. एजंटचं एक महिन्याचं भाडं वेगळं, आणि फ्लॅट बघायला नेल्यावर त्याने खाल्लेल्या मिसळीचे पैसे वेगळे (जास्तीचे पावही). हे सगळं भाडं नव्हे, हे मनाशी पक्कं करा. फार तर घर लहान करा. वन आरके म्हणजे एक रूम आणि किचन. मधली भिंत ज्याची त्याने मनात उभी करायची असते.

म्हाडाची लॉटरी हाही मार्ग आहे, त्याला नावं ठेवू नका. उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर अर्ज करता येतो. नंबर लागलाच तर बँकेत जा. तिथला साहेब पगाराची स्लिप बघून सांगेल, एवढ्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही. म्हणजे घर मिळण्याइतके तुम्ही गरीब आहात, पण घेण्याइतके श्रीमंत नाही. पेढे वाटले असतील तर वाटले.

खऱ्या अर्थाने तीस टक्क्यांच्या आत राहणारी माणसं नाशिकमध्ये आहेत, त्यांचा आदर्श ठेवा. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये जा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं बांधलं ते 1 सप्टेंबर 1940 रोजी जे होतं त्याला. पुढे 1999 चा कायदा आला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण चार टक्के कशावर? त्याच जुन्या, गोठलेल्या भाड्यावर. तेव्हा माझा प्रामाणिक सल्ला असा, की 1940 च्या ऑगस्टमध्ये एखादी खोली घेऊन ठेवा. जमलं नसेल तर ज्याच्या आजोबांनी घेतली होती अशा घरात लग्न करा. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस येते. ती दाराला चिकटवा, फटीतून येणारा वारा अडतो. मालक दुरुस्ती करत नाही कारण भाडं परवडत नाही, भाडेकरू सोडत नाही कारण बाहेरचं भाडं परवडत नाही, आणि माती दोघांचं ऐकून घेत एका रात्री खाली येते.

आता मुलाखत. नोकरीच्या मुलाखतीला गेला असाल तसे जाऊ नका, ती सोपी असते. घरमालक काका सोफ्यावर बसतील, तुम्हाला खुर्ची देतील. "गाव कुठलं?" विचारतील. त्यांना भूगोल नको असतो. गाव सांगितलंत की "आडनाव काय म्हणालात?" येईल, खरं तर तुम्ही अजून काही म्हणालेले नसता. मग "तसं आमचं काही नाही हो, पण सोसायटीत विचारतात." सोसायटी म्हणजे काकाच, तेच चेअरमन आहेत. खाण्यापिण्याचं विचारलं तर अंडं केकमधून गेलं तरी मोजतात, हे ध्यानात ठेवून उत्तर द्या. लग्न झालं नसेल तर "जमतंय" म्हणा, "नाही झालं" म्हणू नका. एकट्या मुलीने चौकशी केली तर काकू आतून बाहेर येतात आणि रात्री किती वाजेपर्यंत बाहेर असता, हे विचारतात. दुसरी शिफ्ट असेल तर ते घर सोडून द्या, पुढच्या गल्लीत बघा. एवढ्या प्रश्नांत पगार किती, हे मात्र शेवटपर्यंत कुणी विचारत नाही. तुमचे तीस टक्के पाकिटातच राहतात.

पास झालात तर करार. तो अकरा महिन्यांचा असतो. का, असं विचारलंत तर काका म्हणतील, "पद्धतच आहे." पद्धत आहे खरी. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी लागते, म्हणून एक महिना छाटला. महाराष्ट्रात मात्र 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने ती पळवाट बुजवली. करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदवलेला लेखी करार नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं.

हे कलम मी एकदा एका काकांना चहा पिता पिता ऐकवलं होतं. त्यांनी ते अतिशय लक्ष देऊन ऐकलं. संध्याकाळी एजंटचा फोन आला, "सर, त्यांना जरा कमी शिकलेला भाडेकरू हवाय."

तेव्हा "बाँडवर नोटरी करून टाकू" म्हणाले तर मान डोलवा. बाँड पेपर, नोटा, दोन्ही नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, म्हणजे सगळा माल घरचाच. डिपॉझिटचंही तसंच. केंद्राने 2021 मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा आणला त्यात राहत्या घराला फार तर दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घ्यावं, असं लिहिलंय. आदर्श म्हणजे राज्यांनी स्वीकारला तर लागू. काका आदर्शांबद्दल आदर बाळगून पन्नास हजार मागतात.

अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढ. हीही पद्धतच. 7,000 चे 7,700, मग 8,470, मग 9,317. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत चौथा करार. तुमचा पगार या वेगाने वाढत नसेल तर दोष पगाराचा. त्यातून 2027 चा सिंहस्थ आहे, त्यामुळे आत्ता प्रत्येक काकांना आपली गच्ची थेट रामकुंडाला लागून असल्याचा साक्षात्कार झालाय. इंदिरानगरातूनसुद्धा.

इंदिरानगरावरून आठवलं. तिथला फ्लॅट सोडताना माझ्या डिपॉझिटमधून चार हजार कापले गेले. हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला म्हणून. खिळा मी तिथे राहायला जायच्या आधीपासून होता, त्यावर काकांनीच दिलेलं पतसंस्थेचं कॅलेंडर टांगलेलं होतं. मी तसं म्हणालो. काका म्हणाले, "कॅलेंडर आमचं आहे, पण वजन तुमच्या काळात पडलं ना."

आठवड्याने एजंटने त्याच फ्लॅटचे फोटो पाठवले. भाडं दोन हजारांनी वाढलेलं. दुसऱ्या फोटोत हॉल होता, भिंतीला रंग जुनाच, खिळा जागेवर आणि त्यावर नव्या वर्षाचं कॅलेंडर. खाली लिहिलं होतं, "सर, एकदम तुमच्या बजेटमधलं आहे."