राज्यघटना जाळू नका, पुढे कामाला येते

तहहयात राज्य करायचंय ना? मग आधी ते रणगाडे माघारी पाठवा. पहाटे रेडिओ केंद्र ताब्यात घ्या, बँड वाजवा, 'घटना स्थगित' म्हणून जाहीर करा, हे फार जुनाट झालं. कर्ज देणारेही नाक मुरडतात. त्यापेक्षा घटना कपाळाला लावा आणि निवांत वाचायला बसा. तुम्हाला हवं ते बहुतेक त्यातच कुठल्यातरी पोटकलमात सापडेल.

हिटलरने जर्मनीची १९१९ ची राज्यघटना, म्हणजे वायमार घटना, शेवटपर्यंत रद्द केली नाही. गरजच पडली नाही! कलम ४८ मध्ये आणीबाणीचे अधिकार आयतेच होते. संसदेला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ ला, राष्ट्राध्यक्षांच्या सहीने भाषण, सभा, टपालाची गुप्तता असल्या किरकोळ गोष्टी बाजूला ठेवल्या गेल्या. २३ मार्चला संसद भरली ती क्रॉल ऑपेरा हाऊसमध्ये, कारण स्वतःची इमारत जळालेली. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात नाहीतर परागंदा, सभागृहात हिटलरच्या पक्षाचे तपकिरी शर्टवाले पहाऱ्याला. अशा प्रसन्न वातावरणात दोन तृतीयांश बहुमत नीट मोजण्यात आलं: ४४४ विरुद्ध ९४. कायदे करायचा अधिकार संसदेने सरकारच्या पदरात टाकला, तोही फक्त चार वर्षांसाठी. १९३७ मध्ये मुदत संपत आली, तर वेळेत वाढवूनही घेतली. एवढा नियमाने वागणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

'फक्त' आणि 'तात्पुरतं' हे शब्द तेवढे पाठ करा. सीरियात १९६३ ला लागलेली आणीबाणी २०११ मध्ये उठली. एल साल्वादोरमध्ये मार्च २०२२ ला ती तीस दिवसांसाठी लागली, आणि मग दर महिन्याला आणखी तीस दिवस, आणखी तीस दिवस. 'पुढच्या महिन्यात नक्की खोली सोडतो' म्हणणारा भाडेकरू पाहिलाय ना? तसंच.

न्यायाधीशांना हाकलू नका, बोभाटा होतो. त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या. हंगेरीत न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय सत्तरवरून एकदम बासष्टवर आणलं आणि ज्येष्ठ मंडळी आपसूक घरी गेली. हे बेकायदा आहे, असं युरोपीय न्यायालयाने २०१२ च्या अखेरीस सांगितलं खरं, पण तोवर बऱ्याच खुर्च्या भरून झाल्या होत्या. आणि सगळेच आपल्या बाजूला हवेत असा हट्टही धरू नका. भारतात १९७६ साली, आणीबाणीत डांबलेल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघांनी मान्य केलं. एकटे एच. आर. खन्ना अडून बसले. पुढच्या वर्षी त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला. कुणाला काही म्हणावंच लागलं नाही.

आता मुदतीचं कलम, म्हणजे एकाच माणसाला किती वेळा निवडून येता येतं ते. सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस यांनी २०१६ मध्ये एक भाबडी चूक केली: आणखी एकदा उभं राहू का, असं जनतेलाच विचारलं. जनता 'नाही' म्हणाली. (विचारलं की असं होतं.) पण २०१७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाला साक्षात्कार झाला की, मुदतीची मर्यादा हा उमेदवाराच्या राजकीय हक्कांवर घाला आहे आणि आंतर-अमेरिकी मानवी हक्क कराराच्या विरुद्ध आहे. वाचलंत? मानवी हक्क! लोक उगाच म्हणतात तुम्हाला त्याची चाड नाही. तुम्हीही माणूसच आहात. पुन्हा पुन्हा निवडून येण्याचा असा कुठलाही मानवी हक्क नाही, हे सांगायला त्याच करारावरच्या न्यायालयाला २०२१ उजाडलं. दरम्यान मोरालेस यांना २०१९ ची निवडणूक लढवून राजीनामा द्यावा लागला आणि देशही सोडावा लागला. तुमच्यावर ती वेळ यायची नाही, तुम्ही सेनापतींना आधीच धरून ठेवलं असेल.

मतं मोजताना मात्र हात आखडता घ्या. १९२७ साली लायबेरियात पंधरा हजारांच्या आसपास मतदार असताना विजयी उमेदवाराला दोन लाखांवर मतं पडली. हे अगदीच हौशी काम.

जनतेला हक्क मात्र सढळ हाताने द्या. स्टालिनच्या १९३६ च्या घटनेत भाषण, वृत्तपत्रं, सभा, एवढंच काय, रस्त्यावरच्या मिरवणुकांचंही स्वातंत्र्य आहे, कलम १२५. मसुदा करणाऱ्यांत जुने बोल्शेविक नेते बुखारिन होते. घटना डिसेंबरात मंजूर झाली, पुढच्या फेब्रुवारीत बुखारिन अटकेत आणि मार्च १९३८ मध्ये गोळी. कलम १२५ जसंच्या तसं राहिलं, एक स्वल्पविराम हलला नाही.

आणि जगाच्या चव्हाट्यावर कधीही 'नाही' म्हणू नका. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मताला आला, तेव्हा ४८ देश बाजूने होते, विरोधात एकही नाही आणि आठ तटस्थ. सोव्हिएत संघ त्या आठांत. तुम्ही तर बाजूनेच हात वर करा, काय बिघडतं? दरवर्षी त्या तारखेला मानवी हक्क दिन असतो, तेव्हा भाषण आधीच लिहून घ्या. त्याच दिवशी मोर्चाला परवानगी मागणारा एखादा अर्ज टेबलावर असेल. त्यावर 'वाहतुकीस अडथळा' एवढंच लिहा, सही करा आणि गाडी लावायला सांगा. भाषणाला उशीर व्हायला नको.