‘बाकीचे पाहुणे’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबद्दल (आपण त्याला स्टेशनच म्हणू) मी लिहिलं, त्याखालची तुमची कमेंट वाचली. “स्टेशन अमेरिकेचं, बाकीचे देश पाहुणे. खेड्यात बसून गूगल पाहून अंतराळावर लिहिणं सोपं असते.” वर चीनला काहून घेतलं नाही अन् भारताला काय भेटलं, हेही विचारलं. मतभेद असू द्या ना, पण ‘खेड्यात बसून’ काहून? चारशे किलोमीटरवरून जाणारं स्टेशन पुण्यातून दिसते तसंच इकडूनही दिसते, उलट आमच्याकडं लाइन जास्त जाते म्हणून जरा बरंच दिसते. झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात जिंदगी गेली माझी, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट अन् तेही कुलूपबंद, तरी पोरांना पहाटे मैदानात उभं करून स्टेशन दाखवलंय. हे गूगलवर नाही भेटत.

अमेरिकेचा खर्च सगळ्यात जास्त, हे मान्य. पण पाहुणे? पहिला भाग झार्या २० नोव्हेंबर १९९८ ला कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून रशियाच्या प्रोटॉन रॉकेटनं गेला, पैसा अमेरिकेचा अन् बांधणी रशियाची. २००० साली पहिले तिघं राहायला गेले, कमांडर अमेरिकेचा शेफर्ड, सोबत रशियाचे गिद्झेन्को अन् क्रिकालेव्ह, अन् गेले रशियाच्या सोयुझ यानातून. २००३ मध्ये अमेरिकेचं कोलंबिया शटल यान परत येताना तुटलं, त्यात आपली कल्पना चावला गेली, मग सगळी शटल यानं अडीच वर्षं जमिनीवर, तेव्हा माणसं नेली-आणली ती सोयुझनंच. २०११ ला शटल कायमचं बंद झालं, मग २०२० पर्यंत नासाचा माणूस रशियाच्याच यानातून जायचा. घरमालक पाहुण्याच्या गाडीतून घरी जातो का जी?

मी सामाईक विहिरीच्या घरात वाढलो. मोटर काकाची, मीटर आमचं, कोर्टात केस चालू अन् पाण्याची पाळी मात्र ठरल्याप्रमाणं. वर तेच आहे. रशियाच्या भागाला बरीचशी वीज अमेरिकेच्या सोलर पॅनलमधून येते, अन् स्टेशन खाली यायला लागलं की वर ढकलायला मुख्यतः रशियाची इंजिनं. २०२२ ला युक्रेनात युद्ध पेटलं, अन् त्याच वर्षी अमेरिकेचा फ्रँक रुबियो सोयुझमधून गेला, अन् रशियाची आन्ना किकिना अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या यानातून. पुढं रुबियोच्या सोयुझचं कूलंट, म्हणजे यान थंड ठेवणारं द्रव, गळालं, रुबियो अंतराळात ३७१ दिवस राहिला अन् उतरला तोही रशियानं रिकामं पाठवलेल्या दुसऱ्या सोयुझमधून.

चीनचा विषय वेगळा, त्यांनी आपलं वेगळं स्टेशन तिआनगोंग बांधलं, झालं. भारताचं म्हणाल तर शुभांशू शुक्ला २०२५ ला जाऊन आले, पेपरात होतं.

अन् पुढच्या वेळी नाव टाकून लिहा. टोपणनावामागून दुसऱ्याचं गाव काढणं मले नाही जमत.