उपग्रहाला काय दिसते, काय दिसत नाही: खान्देशात फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: उपग्रहाला आता केळीचे एकेक झाड चोवीस तास थेट दिसते, गाडीचा नंबर आणि माणसाचा चेहराही ओळखू येतो, ढग आडवे आले तरी फरक पडत नाही, कोणत्या झाडावर कोणता रोग आहे हे तो स्वतःच सांगतो, विहिरीला पाणी कुठे लागेल तेही दाखवतो, म्हणून पंचनाम्याची आता गरज नाही आणि जे उपग्रहात दिसले नाही ते घडलेच नाही असे समजावे. संदेशात उपग्रहांची नावे आणि काही आकडे खरे आहेत, त्यामुळे तो वाचणाऱ्याला सहज पटतो. त्याचे शेवटचे वाक्य मात्र थेट शेतकऱ्याच्या हक्काच्या मुळावर येणारे आहे. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला अत्यंत निकडीचे वाटते.

पहिला मुद्दा 'चोवीस तास थेट' हा. ऑगस्ट २०१४ मध्ये सोडलेला अमेरिकेचा वर्ल्डव्ह्यू-३ हा उपग्रह ६१७ किलोमीटर उंचीवरून ३१ सेंटिमीटर इतक्या बारकाईची कृष्णधवल प्रतिमा घेतो, आणि २७ नोव्हेंबर २०१९ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला आपला कार्टोसॅट-३ सुमारे ५०९ किलोमीटरवरून २५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचतो. ही क्षमता खरोखर अभिमान वाटावा अशी आहे. पण इतक्या खालच्या कक्षेत फिरणारा उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावत असतो आणि त्याचा कॅमेरा एका वेळी अवघा १३ ते १६ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंतचा जळगाव जिल्हा तो काही सेकंदांत ओलांडून जातो. शिवाय असे उपग्रह सरसकट सगळी जमीन टिपत नाहीत. ज्या जागेची मागणी नोंदवलेली असते तिकडेच त्यांचा कॅमेरा वळवला जातो. आपल्या गटावरून तो काल गेला असला, तरी त्याने आपल्या गटाची प्रतिमा घेतलीच असेल असे नाही.

एकाच जागेकडे सतत पाहायचे असेल तर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस तसा आहे आणि तो दर अर्ध्या तासाला प्रतिमा देऊ शकतो, पण त्याचा दृश्य प्रकाशातला एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान ठिपका, एक किलोमीटर लांब-रुंद असतो. म्हणजे शंभर हेक्टरचे शिवार तिथे एका ठिपक्यात मावते. वारंवारता हवी की बारकाई, ही निवड प्रत्येक उपग्रहाला करावी लागते. राहिला प्रश्न मोबाइलवर दिसणाऱ्या गूगलच्या नकाशाचा, तर ती वेगवेगळ्या दिवशीच्या प्रतिमांची जोडणी असते आणि तिच्यातले चित्र कित्येकदा महिन्यांपूर्वीचे, कधी वर्षांपूर्वीचे असते.

चेहरा आणि गाडीच्या नंबराचा दावा फार वेळ घेण्यासारखा नाही. ३१ सेंटिमीटरच्या पिक्सेलमध्ये माणसाचे अख्खे डोके मावते, तिथे नाक-डोळे कुठून दिसणार? नंबरप्लेटवरची अक्षरे वाचायला एखाद्या सेंटिमीटरची बारकाई लागेल, आणि प्रकाशाच्या गुणधर्मामुळे तेवढी बारकाई ६१७ किलोमीटरवरून मिळवायला दुर्बिणीचा आरसा सुमारे चाळीस मीटर व्यासाचा असावा लागेल. वर्ल्डव्ह्यू-३ चा आरसा १.१ मीटरचा आहे आणि हबल दुर्बिणीचाही २.४ मीटरचाच आहे.

ढगांच्या बाबतीत संदेशाने दोन वेगळी यंत्रे एकत्र कालवली आहेत. वर्ल्डव्ह्यू, कार्टोसॅट, युरोपचा सेंटिनेल-२, आपला रिसोर्ससॅट हे सगळे सूर्यप्रकाशावर चालणारे कॅमेरे आहेत. त्यांच्या आणि शेताच्या मध्ये ढग आला की प्रतिमेत ढगच येतो, आणि ढगाची सावली पडलेले शेतही निरुपयोगी ठरते. ढगांतून आरपार पाहते ते रडार. फेब्रुवारी २०२२ मध्ये गेलेल्या आपल्या ईओएस-०४ वर ते आहे, आणि ३० जुलै २०२५ रोजी भारत व अमेरिका यांनी मिळून सोडलेल्या निसारवरही आहे. पण रडारला रंग कळत नाहीत. जमिनीचा खडबडीतपणा, ओल आणि पिकाची ठेवण यांनुसार परत येणारी लहर ते मोजते. पूर ओसरल्यावर तापीकाठच्या किती शेतांत पाणी उभे आहे हे रडार उत्तम सांगेल; पान पिवळे पडले का, हे सांगणे त्याचे काम नाही. जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे कपाशी आणि ज्वारीचा सगळा खरीप हंगाम शेतात उभा असताना, स्वच्छ आकाशाची एकही प्रतिमा मिळू नये असे आठवडेच्या आठवडे जातात.

आता रोगाचा मुद्दा. संदेशातला हा सर्वांत आकर्षक भाग आहे, आणि यात सत्य व अतिशयोक्ती यांची सरमिसळ सर्वांत जास्त आहे, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा प्रकाश वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, विभागून मोजतो. निरोगी पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, आणि पानाच्या आतील पेशींची रचना आपल्या डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोन्हींच्या मधल्या पट्टीला रेड एज म्हणतात. पीक ताणाखाली आले की या पट्टीतला बदल कित्येकदा डोळ्यांच्याही आधी टिपता येतो, आणि हे विज्ञान भक्कम आहे. प्रकाश विभागण्याची किंमत मात्र मोजावी लागते. अरुंद बँडमध्ये प्रकाश कमी येतो, म्हणून पिक्सेल मोठा ठेवावा लागतो. वर्ल्डव्ह्यू-३ ची ३१ सेंटिमीटरची बारकाई फक्त कृष्णधवल प्रतिमेची आहे. त्याचे दृश्य आणि निअर इन्फ्रारेडमधले आठ रंगीत बँड १.२४ मीटरचे आहेत. जाहिरातीत दिसणारे ३१ सेंटिमीटरचे रंगीत चित्र या दोन्हींचा मेळ घालून संगणकावर तयार केलेले असते. ते डोळ्यांना सुबक दिसते, पण रोगनिदानासाठी लागणारी रंगांची माहिती त्यात १.२४ मीटरचीच असते.

शेतकऱ्याला प्रत्यक्षात फुकट आणि नियमित मिळते ती सेंटिनेल-२ ची माहिती, साधारण दर पाच दिवसांनी. तिचा सर्वांत बारीक पिक्सेल दहा मीटरचा, म्हणजे जवळपास एका गुंठ्याचा आहे. पाच बाय पाच फुटांवर केळी लावली असेल तर त्या एका पिक्सेलमध्ये सुमारे ४३ झाडे येतात. रेड एजचे बँड तर वीस मीटरचे आहेत. त्यांच्या एका पिक्सेलमध्ये १७० च्या आसपास झाडे बसतात, आणि उपग्रह त्या सगळ्यांची मिळून एकच सरासरी सांगतो. रावेर-यावलच्या पट्ट्यात ज्या सीएमव्हीने, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणूने, केळीच्या बागाच्या बागा उपटायला लावल्या, तो विषाणू माव्यामार्फत पसरतो आणि ढगाळ, पावसाळी हवेत जोर धरतो. त्या दिवसांत मृगबाग, म्हणजे जून-जुलैत लावलेली केळी, कोवळी असते, दोन ओळींमधली काळी माती उघडी असते आणि आकाश झाकलेले असते. या रोगावर उपाय एकच: पोंग्याजवळच्या, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या गुंडाळीजवळच्या, पानावर पिवळसर पट्टे दिसताच ते झाड मुळासकट काढून नष्ट करणे. ४३ झाडांतले एक झाड बाधित असताना सरासरीत काहीच दिसत नाही. ती दिसण्याइतकी खाली येईपर्यंत रोग पुढच्या ओळींत गेलेला असतो. शिवाय सरासरी खाली आली, तरी तिचे कारण विषाणू, नत्राची कमतरता, ठिबकची तुंबलेली नळी की करपा, हे रंगावरून ठरत नाही. त्यासाठी बांधावर जाऊन पान हातात घ्यावे लागते. उपग्रहाचा खरा उपयोग असा की पन्नास एकरांतला कोणता कोपरा आधी जाऊन पाहावा हे तो सुचवू शकतो, आणि ही मदत लहान नाही.

केळीच्या उत्पन्नाबाबत आणखी एक अडचण आहे. घड पानांच्या छत्राखाली लोंबतो आणि उपग्रह वरून फक्त छत्र पाहतो. बाग एकदा दाटली की एनडीव्हीआय हा लाल आणि निअर इन्फ्रारेड प्रकाशावरून काढलेला हिरवाईचा निर्देशांक कमाल पातळीपाशी अडकतो. त्यापुढे चांगला घड आणि बारका घड यांत त्याला फरक कळत नाही. मे-जूनच्या वादळात खोडे अर्ध्यातून मोडली, तरी पाने पुढचे काही दिवस हिरवीच राहतात, आणि त्या दिवसांतल्या प्रतिमेत बाग ठणठणीत वाटू शकते.

भूजलाविषयी थोडक्यात सांगता येईल. प्रकाशावर चालणारा कॅमेरा जमिनीच्या पृष्ठभागाखाली पाहू शकत नाही. धुळे-नंदुरबारकडचे काळ्या दगडाचे डाइक, म्हणजे जमिनीत भिंतीसारखे उभे असलेले पट्टे, आणि खडकातल्या भेगांच्या रेषा प्रतिमेत दिसतात, त्यांवरून भूवैज्ञानिक पाण्याचा अंदाज बांधतात, आणि तो बोअर घेऊनच तपासावा लागतो. गुरुत्वाकर्षण मोजून भूजलातील घट सांगणारे ग्रेस उपग्रह शेकडो किलोमीटरच्या प्रदेशाची बेरीज देतात; एका गटाच्या विहिरीशी त्यांचा संबंध नाही.

उरले ते शेवटचे वाक्य: 'उपग्रहात नाही म्हणजे घडलेच नाही.' नियम असे म्हणत नाहीत. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ पासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानावर आधारित आकड्याला किमान ३० टक्के भार देण्याची पद्धत आली. उरलेला भार पीक कापणी प्रयोगांचाच राहिला. आपली केळी हवामान आधारित फळपीक विम्यात येते, आणि तिथे तापमानाचा निकष हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. वादळ किंवा गारपिटीचे नुकसान शेतकऱ्याने मुदतीत कळवायचे असते. वरून सगळे दिसतेच आहे म्हणून जो कळवणार नाही, त्याचा दावा तिथेच बुडेल.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांत याच समजुतीने अधिक मोठे नुकसान होऊ शकते. वन हक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, आणि मग त्या काळची उपग्रह प्रतिमा पुढे केली जाते. त्या वेळच्या रिसोर्ससॅट-१ च्या लिस-३ कॅमेऱ्याचा पिक्सेल साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा होता. उतारावरचे, मोहाची झाडे राखून केलेले, फक्त पावसाळ्यात पेरले जाणारे शेत उन्हाळ्यातल्या अशा प्रतिमेत पडीक जमिनीसारखे किंवा विरळ जंगलासारखे दिसते. २०१२ च्या सुधारित नियमांनी म्हणूनच स्पष्ट केले आहे की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक ठरू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. दावा फेटाळताना कोणी प्रतिमा समोर ठेवलीच, तर ती कोणत्या तारखेची आहे, कोणत्या कॅमेऱ्याची आहे आणि तिचा एक पिक्सेल किती गुंठ्यांचा आहे, या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात, आणि गावातल्या ज्येष्ठांचे जबाब व ग्रामसभेचा ठराव त्याच फाइलला जोडण्याचा आग्रह धरावा.