औषधं परस्पर बंद करू नका

‘मधुमेह नुसत्या आहाराने बरा होतो, औषधं फेका’ हे एका लेखातलं विधान अर्धंच पटलं. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत (२०१७) सुरुवातीचे ३ ते ५ महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरी दिल्या. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना आटोक्यात होती. पण ते सगळे टाइप २ चे (शरीरात इन्सुलिन बनतं, पण नीट काम करत नाही), निदान होऊन ६ वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे, आणि तेही देखरेखीखाली. टाइप १ वाल्याने (ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) इन्सुलिन सोडलं तर जिवावर बेतेल, हे का नाही लिहिलं?

बाकी आमच्या नागपुरात पथ्य म्हणजे तर्री-पोहे हाणून वर कारल्याचा रस! त्यापेक्षा ज्वारीची भाकर, जवसाची चटणी बरी. संत्रंही रस न काढता, फोडी करून खा. किडनी अधू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच, संत्र्यात पोटॅशियम असतं, ते अधू किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही.