उलटा पोदेर

रविवारी गोव्यात शिवोलीला एका आंटीच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, माझा पोपट झाला. आज बुधवार. पोपट अजून बोलतोय.

मला मिडियम फॉरमॅटचा, म्हणजे १२० नंबरच्या रुंद फिल्मवर चालणारा जुना कॅमेरा हवा होता आणि खिशात १२,००० रुपये होते; बायकोला न सांगता ताणले तर १३,०००. या ऐपतीचा माणूस आधी हॅसलब्लाडच्या नुसत्या बॉडीवर भुलतो. नुसती बॉडी म्हणजे पोकळ डबा. लेन्स वेगळी, फिल्म भरायचं बॅक वेगळं, वरून बघायचा फाइंडरही वेगळा. घर मुंडकाराचं (म्हणजे कुळाचं), माड भाटकाराचे (म्हणजे जमीनमालकाचे) आणि विहीर कोर्टात, तसला प्रकार. मामिया आरबी ६७ भरवशाचा, त्याला बॅटरीही लागत नाही, पण लेन्ससकट अडीच किलोच्या वर जातो. तेवढ्या वजनाचा इसवण मासा घरी नेला असता तर निदान स्वागत झालं असतं. शेवटी सगळं एकाच डब्यात असलेला, दोन डोळ्यांचा याशिका-मॅट १२४जी घ्यायचं ठरवलं.

फोंड्याहून तीन बसगाड्या बदलून पोचलो. आंटीचा घरकार, म्हणजे नवरा, तारवटी. बोटीवर असताना त्यानं हा आणलेला. तो जाऊन बरीच वर्षं झाली. आंटी १८,००० म्हणाली. मी टॉर्च काढला.

बल्कांवात आणखी एक गृहस्थ बसले होते. किनाऱ्यावर त्यांचं रेस्टॉरंट आहे आणि ते वेताच्या दोन खुर्च्या बघायला आले होते. सगळ्यांनाच पात्रांव, म्हणजे मालक, म्हणत, म्हणून मीही त्यांना पात्रांवच म्हणतो. बोलणं कोंकणीत झालं. इथं मराठीत उतरवताना थोडं तिखट कमी झालंय.

"पात्रांव, हे काय? दुर्बीण?"

"कॅमेरा."

"मग दोन लेन्सी कशाला?"

"वरची बघायला, खालची फोटो काढायला."

"म्हणजे बघणारा वेगळा आणि करणारा वेगळा. पंचायतीसारखं."

इथपर्यंत मला माणूस आवडला होता. त्यानं वरून हूडमध्ये डोकं घातलं आणि त्याच वेळी रस्त्यावर पों पों वाजलं. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर चालला होता. पात्रांवांनी खाली काचेत बघितलं, वर रस्त्यावर बघितलं, परत खाली.

"अरे, हो उलटो कसो वता?"

मी समजावलं की आत एकच आरसा असतो, त्यामुळे डावं उजवं दिसतं. त्यांना ते पटलं नाही. "इथं तो म्हापशाला चाललाय आणि आत शिवोलीच्या बाजारात परत येतोय!" मग ते धावत फाटकापर्यंत गेले, पोदेराला थांबवलं, चार उंडे घेतले आणि पुन्हा उलट्या दिशेनं जायला लावलं. आता काचेत तो म्हापशाला चालला होता. पोदेरानं जाता जाता माझ्याकडे असं बघितलं, जणू ही कल्पना माझी.

या दहा मिनिटांत मी माझं काम करत होतो. मागचं दार उघडलं तर उजेड अडवणारा फोम विरघळून बोटाला डांबरासारखा चिकटला. एक सेकंदाचं शटर दीड-दोन सेकंद कुंथत होतं. आतलं जुनं तेल घट्ट झालेलं. टॉर्च मारला तर लेन्सच्या कडेला बुरशीचे बारीक धागे. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलेलाही हिरवळ येते, तिथं लेन्स कोण लागून गेली? मीटरला लागायची ती १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, आणि आजची १.५ व्होल्टची घातली की मीटर थापा मारतो. एकेक दोष मी आंटीला अत्यंत दुःखी चेहऱ्यानं सांगत गेलो. प्रत्येक दोषाला हजार उतरत १४,००० पर्यंत आलो. तोंडात १३ चा आकडा तयार होता.

"हा जी कशाला लिहिलाय?" पात्रांव.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्ञान ही खाज आहे. म्हणालो, "जी म्हणजे गोल्ड. मीटरच्या आतल्या जोडांना सोन्याचा मुलामा. १९७० ते १९८६ पर्यंत काढत होते, आता बंद."

"सोनं? आणि बंद? आंटी, मी अठरा देतो."

मी आंटीकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तू इतकी खोट काढलीस. यानं एकही काढली नाही."

काय बोलणार? कळंगुटपासून मोरजीपर्यंत प्रत्येक रेस्टॉरंटात शिवणयंत्राच्या पायांवर टेबल, टाइपरायटरवर मेनू आणि कंदिलात एलईडी. चालतं यंत्र दिसलं की भिंतीला खिळा ठोकलाच. त्यांच्यामुळे भाव चढतात, आणि ज्याला एका रोलचे हजारभर मोजून बाराच फोटो काढायचे आहेत, तो तीन बसगाड्या बदलून टॉर्च मारत बसतो. त्या तारवट्यानं या कॅमेऱ्यानं आंटीचे फोटो काढले असतील. आता त्याच्याखाली लोक कोळंबी सोलणार.

हूड मिटता येईना, ते मीच मिटून दिलं.

"पात्रांव, आत बल्ब लावला तर लेन्सीतून उजेड येईल?"

"शटर बंद असतं. बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं ठेवणाऱ्या बी वर ठेवून लॉकवाली केबल लावली तर उघडं राहील," मी म्हणालो. हो, हेही मीच सांगितलं.

"ती केबल कुठं मिळते?"

माझ्या पिशवीत होती. दीडशेला दिली.