जिथे काढाल, तिथे नसेल

एकाच वस्तूला चार नावे असली म्हणून मराठवाड्यातला माणूस घाबरत नाही. आमच्या जमिनीचे निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत, सातबारा मराठीत आहे, आजोबा ज्याला ‘वरचा पट्टा’ म्हणत त्याला तलाठी गट क्रमांकाने ओळखतो, आणि तरीही पेरणी वेळेवर होते. त्यामुळे सर्किट बोर्ड आखण्याचे जुने सॉफ्टवेअर सोडून नवे घेताना मी शब्दांची धास्ती घेतली नव्हती.

रिलेचे, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचचे, पाय बोर्डावर जिथे टेकतात, त्या तांब्याच्या ठशांना मी इतकी वर्षे फूटप्रिंट म्हणत आलो. नव्या सॉफ्टवेअरच्या मेनूत तेच ‘पॅकेज’ होते, मदतीच्या पानावर ‘लँड पॅटर्न’ होते आणि फायलींच्या यादीत ‘मॉड्यूल’.

“मामा, सकाळपासून काय शोधायलाव?” भाच्याने विचारले.

“पाय.”

“कुणाचे?”

तांब्याने भरलेली जागा एका खिडकीत ‘झोन’ होती आणि दुसऱ्या खिडकीत ‘पॉलिगॉन’. ‘मिल’ म्हणजे मिलिमीटर नव्हे, तर इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, हे मात्र जुन्या मारामुळे पाठ होते. अजून न जोडलेल्या टोकांमधल्या बारीक रेषांच्या गुंत्याला ‘रॅट्सनेस्ट’, म्हणजे उंदराचे घरटे, म्हणतात. या साऱ्या शब्दांत तेवढा एकच मला मनापासून पटला.

खरा घात केला तो सोल्डर मास्कने, म्हणजे बोर्डावरचे तांबे झाकणाऱ्या हिरव्या थराने. बोर्ड शेतातल्या मोटारीच्या ऑटोस्विचचा होता, म्हणजे रात्री लाइट आली की झोपलेल्या शेतकऱ्याला न उठवता मोटार चालू करणारा. त्यात ४१५ व्होल्टचे दोन ट्रॅक, म्हणजे वीज वाहून नेणारे तांब्याचे पट्टे, होते. त्यांच्यावर हिरव्या रंगाचे पांघरूण नक्की पडावे, या काळजीपोटी मी मास्कच्या लेयरवर प्रत्येक ट्रॅकभर एकेक आयत काढला, गर्बर फायली, म्हणजे ज्यांवरून कारखाना बोर्ड बनवतो ते नकाशे, पाठवल्या आणि निर्धास्त झालो. तांब्याच्या लेयरवर काढाल तिथे तांबे येते आणि अक्षरांच्या लेयरवर काढाल तिथे शाई येते. पण मास्कच्या लेयरवर जिथे काढाल, नेमका तिथेच मास्क येत नाही, हे मला बोर्ड हातात आल्यावर समजले. सगळा बोर्ड हिरवागार होता आणि मधोमध तेवढे दोन पट्टे, वरून कथिलाचा मुलामा चढून, नव्या पैंजणासारखे चकाकत होते. ज्यांना झाकायचे होते, तेवढेच उघडे.

वाळूजच्या ज्या कारखान्यात हे बोर्ड जोडले जातात, तिथल्या जुन्या कारागिराने बोर्ड उजेडात धरून दोनदा फिरवला. मी शब्द जुळवू लागलो.

“साहेब, हे लई बेस केलंत. आता या पट्ट्यांवर सोल्डर चढवतो, जास्तीचा करंट आरामात जाईल. नाहीतर लोक मास्क खरवडायला लावतात.”

मी मान डोलावली आणि ते मुद्दामच तसे ठेवल्याचे सांगितले. भाच्याला नेमका तेव्हाच खोकला आला.