अर्धवट राहिलेल्या शर्यतीचं वाईट वाटू द्या

अल्ट्रा शर्यत अर्धवट सोडून आलेल्या माणसाला दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. 'अगं, एवढं पळालीस तेच खूप आहे' हे एक, आणि 'पुढच्या वेळी नक्की होईल' हे दुसरं. दोन्ही मनापासून म्हटलेली असतात. पण एकाला झालेलं पटकन मिटवायचं असतं आणि दुसऱ्याला पुढचं लगेच सुरू करायचं असतं. मधे जे आठवडे जातात त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. माझी शंभर मैलांची शर्यत अर्धवट राहिली त्याला आता बराच काळ लोटलाय, म्हणून त्या मधल्या आठवड्यांबद्दलच लिहिते.

आधी या वेडाबद्दल थोडं. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. त्यापुढचं सगळं अल्ट्रा: ५० किलोमीटर, १०० किलोमीटर, १०० मैल म्हणजे साधारण १६१ किलोमीटर, नाहीतर २४ तासांत जितकं होईल तितकं. आमच्यासारख्यांसाठी इथे वेगाचं फारसं कौतुक नसतं. मोठा चढ चालतच चढायचा, खाता खाता पुढे सरकायचं, रात्र हेडलॅम्पच्या उजेडात काढायची. यातलं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? पहाटेचा तास. रात्रभर हेडलॅम्पच्या वर्तुळापलीकडचं काही दिसलेलं नसतं, पाय बधिर झालेले असतात, आणि मग झाडांच्या कडा हळूहळू दिसायला लागतात. अंगात काही उरलं नाही असं वाटत असताना नुसत्या उजेडाने पावलं मोकळी होतात. हे एकदा अनुभवलं की माणूस त्यासाठी महिनोन्महिने शनिवारी लांब पळतो आणि रविवारी त्याच दुखऱ्या पायांनी पुन्हा लांब पळतो. घरचे लोक आपापलं वेळापत्रक त्याभोवती बसवतात. शर्यत थांबते तेव्हा हे सगळंच एकदम थांबतं. म्हणून ते लागतं.

माझं पोट बंद पडलं. तासन् तास पळताना रक्त स्नायूंकडे वळतं, उकाड्यात त्वचेकडेही, आणि आतड्यांच्या वाट्याला कमी येतं. खाल्लेलं तसंच पडून राहतं, शेवटी उलटून येतं. मला पाण्याचा घोटसुद्धा टिकेना. एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या आणि मदतीच्या थांब्यावर, अनुभवी रनर नवख्यांना सांगतात ते मी सगळं केलं: खुर्चीत टेकल्या टेकल्या काही ठरवायचं नाही, वीसेक मिनिटं डोळे मिटायचे, काहीतरी गोड जिभेवर ठेवायचं, मग बघायचं. हा सल्ला लाखमोलाचा आहे, कारण रक्तातली साखर खाली गेली की डोक्यातही अंधार होतो, आणि त्या अंधारात माणूस भलतंच ठरवून बसतो. कटऑफला, म्हणजे ठरलेली मुदत संपायला, अजून वेळ होता. पण उभी राहिले की भोवळ येत होती, बोटं सुजून अंगठी रुतली होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी तारीख विचारली तेव्हा मला ती पटकन सांगता आली नाही. स्वयंसेवकाने माझ्या बिबची, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या पट्टीची, वेळ नोंदवणारी चिप कात्रीने कापून घेतली, एका डब्यात टाकली. डब्यात आधीच बऱ्याच चिपा होत्या.

थांबणं बरोबर होतं. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. लांब शर्यतीत गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं गेलं की रक्तातलं सोडियम घसरतं. मग मळमळ, सूज, डोकेदुखी, गोंधळ सुरू होतो, आणि दुर्लक्ष केलं तर ते जिवावर बेतू शकतं. लघवी गडद तपकिरी झाली तर स्नायू मोडून त्यांतली द्रव्यं मूत्रपिंडापर्यंत पोचली असण्याची शक्यता असते. अशा वेळी वेदनाशामक गोळी खाऊन पुढे जाणं म्हणजे मूत्रपिंडावर आणखी भार. जिद्दीच्या नावाखाली या खुणांकडे काणाडोळा करायला शिकवणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो.

आणि तरीही वाईट वाटलं. खूप वाटलं. निर्णय बरोबर असला की दुःख होऊ नये असं आपण कुठून तरी गृहीत धरलंय. तसं नसतं. निकालाच्या यादीत तळाशी नाव आणि पुढे डीएनएफ (डिड नॉट फिनिश, म्हणजे शर्यत अपूर्ण), हे मी किती वेळा उघडून पाहिलं ते सांगता येणार नाही. माझ्या मागे असलेल्या ओळखीच्या रनरच्या वेळा एकेका चेकपॉइंटला कशा सरकत गेल्या तेही पाहिलं. त्यांच्याबद्दल आनंद होता, आणि आतून काहीतरी कुरतडतही होतं. दोन्ही खरं होतं.

याच काळात शरीर फसवतं. शर्यत पुरी करून आलेल्याला जिना उतरताना मांड्या जाणीव करून देतात. अर्धवट सोडलेल्याचे पाय बऱ्याचदा लवकर मोकळे होतात. मग वाटतं, आपण तर ताजेतवाने आहोत, पुढच्या महिन्यातली कुठलीतरी शर्यत गाठून टाकू. मी नोंदणीचा अर्ज भरतही आणला होता. पण सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जोरात चालत होती, रात्री मधेच जाग येत होती, भूक धड लागत नव्हती. पाय हा शरीराचा एक भाग झाला. बाकीचं सगळं सावकाश येतं. बदला घ्यायला म्हणून लगेच लावलेली शर्यत मला साफ नापसंत आहे. तिच्यात पळण्याची ओढ नसते, यादीतली ती ओळ पुसायची घाई असते.

मोठ्या धावपटूंची उदाहरणं अशा वेळी सगळे देतात. कोर्टनी डॉवॉल्टरने २०१२ मध्ये शंभर मैलांची आपली पहिलीच शर्यत सोडली होती. २०१९ ला वेस्टर्न स्टेट्स या अमेरिकेतल्या शंभर मैलांच्या शर्यतीत आघाडीवर असताना खुब्याच्या दुखण्यामुळे ती थांबली, आणि त्याच वर्षी आल्प्समधली यूटीएमबी ही डोंगरी अल्ट्रा जिंकली. जिम वॉल्म्सली २०१६ ला वेस्टर्न स्टेट्समध्ये विक्रमी वेगात असताना शेवटच्या टप्प्यात वळण चुकला, विसाव्या क्रमांकावर आला. पुढच्या वर्षी त्याला शर्यत सोडावी लागली. २०१८ ला विक्रमासह जिंकला. जॅस्मिन पॅरिसने २०२४ ला बार्कली ही अमेरिकेतली अतिशय अवघड शर्यत ६० तासांच्या मुदतीत अवघे ९९ सेकंद उरले असताना पूर्ण केली, त्याआधी तिथून शर्यत अर्धवट सोडून परतल्यावर. मला ही माणसं अतिशय प्रिय आहेत. पण या गोष्टी ज्या तऱ्हेने सांगितल्या जातात त्यात मला खोट दिसते. शेवटी विजय मिळाला म्हणून आधीचं थांबणं माफ, असा त्यांचा सूर असतो. आपल्यातल्या बहुतेकांना कधीच काही जिंकायचं नाहीये. मग आपल्या थांबण्याचं काय? मला २०१९ च्या डॉवॉल्टरमध्ये यूटीएमबीचा विजय नंतर दिसतो, आघाडीवर असतानाही दुखणं ऐकून थांबलेली बाई आधी दिसते.

कटऑफ सैल करा, असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. कॉम्रेड्स ही दक्षिण आफ्रिकेतली १९२१ पासूनची शर्यत. तिथे बारा तास झाले की येणाऱ्या रनरकडे पाठ करून बंदूक झाडतात आणि रेषा बंद होते. स्पार्टाथलॉन अथेन्सहून स्पार्टापर्यंत २४६ किलोमीटर, ३६ तासांत, आणि वाटेतल्या ७५ चेकपॉइंटना आपापली वेगळी मुदत. कठोर आहे. पण पोचू की नाही हे माहीत नसतं म्हणूनच आपण तिथे जातो. ती अनिश्चितता मला हवी आहे, मग तिची किंमतही माझीच.

सावरायला मला ज्या गोष्टींचा उपयोग झाला त्या साध्या आहेत. आठवणी आपल्या सोयीने बदलायच्या आत शर्यतीचा तासातासाचा हिशेब वहीत लिहिला: काय खाल्लं, किती प्यायले, कधी बिनसलं. घड्याळ घरी ठेवून पळले. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या एका शर्यतीत रात्रभर एड स्टेशनवर उभं राहिल्याचा. एक मुलगी आली, तिला बुटाची नाडी सोडायची होती आणि बोटं वळत नव्हती. मी खाली बसून नाडी सोडली, मोजा काढला, टाचेवरचा फोड साफ करून पट्टी लावली. ती म्हणाली, 'ताई, मी थांबू का?' मी तिला तारीख विचारली, शेवटचं कधी खाल्लंस विचारलं, सूप दिलं. थोड्या वेळाने ती उठून गेली. ती उठली नसती, तरी मी तिला याहून वेगळं काही केलं नसतं.

तुमच्या ओळखीत कुणी नुकतीच शर्यत सोडून आलं असेल तर एवढंच करा: कुठपर्यंत पोचलास, रस्ता कसा होता, काय काय झालं, ते विचारा. पूर्ण ऐका. मला असं विचारणारी एकच मैत्रीण भेटली आणि तिच्याशी बोलताना पहिल्यांदा मला त्या रात्रीतले चांगले तासही आठवले.

तीच शर्यत पुन्हा पळायची की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. सध्या लांब पळताना तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पोटाला सवयीची करतेय, भर उन्हात. ते जमलं की मग बघू.